भिंतीवरची होविता

तेंचा लोंगोरियाला कुणाच्या घरातून संग्रहालयासाठी काही मागून आणायचं असलं, की पहिल्या भेटीत ती ते मागायचीच नाही. पहिल्या भेटीत नुसतं जेवायचं. दुसऱ्या भेटीत त्या घरच्या बाईचे गुडघे, सुनेचा आळस आणि नव्या पाद्र्याचा लांबलेला उपदेश, हे सगळं ऐकून घ्यायचं. तिसऱ्या भेटीत भांडी पुसता पुसता, पाठमोरं राहून, सहज विचारायचं, "ते देव्हाऱ्यातलं पत्र्यावरचं चित्र तुमच्या आजीच्या वेळचं का हो?" बाई "हो" म्हणाली, की त्यावर आणखी चार महिने थांबायचं.

"वीतभर पत्र्यासाठी आठ महिने?" संग्रहालयाच्या साहेबांनी एकदा कपाळाला आठ्या घालून विचारलं होतं.

"पाचव्या महिन्यात ओढून आणलं असतं तर जगलं नसतं, साहेब," तेंचा म्हणाली.

सॅन अँटोनियोच्या त्या मोठ्या संग्रहालयात १९८४ साली ती लॅटिनो कलेची क्युरेटर म्हणून रुजू झाली. तोवर तिथं हे पदच नव्हतं. शहरातली निम्मी माणसं मेक्सिकन वंशाची, आणि त्यांच्या कलेला वाली नाही. पद निघालं, पण जागा काही निघाली नाही. वरच्या मजल्यांवर ग्रीकांचे फुटके रांजण ऐसपैस बसलेले, आणि तेंचाचं खातं तळघरात, बॉयलरच्या शेजारी. नवसाचे पत्रे, लाकडी संत, कागदी फुलांचे हार, संपाच्या दिवसांत छापलेली पोस्टरं, सगळं तिथंच. "आमचे संत घामाघूम झालेत," अशी चिठ्ठी ती दर उन्हाळ्यात वरच्या मजल्यावर पाठवायची. एकोणीस वर्षं भांडून तिनं तो सारा संसार दुसऱ्या मजल्यावर नेला. भांडायला ती कधी कमी पडली नाही. आवाज खणखणीत, केस मागे घट्ट बांधलेले, आणि चूक कबूल करायची वेळ आली की एकदम बहिरी.

शहराच्या पश्चिमेकडच्या मेक्सिकन वस्तीतल्या बायका तिला टरकून असायच्या आणि तिच्यावर जीवही टाकायच्या. एका म्हातारीनं आपल्या घरचा लाकडी संत अंतोनिओ संग्रहालयाला दिला होता. लग्न जमत नसलं की या संताला उलटा टांगायचा, म्हणजे तो वैतागून नवरा शोधून देतो, हे पश्चिमेकडच्या वस्तीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हातारीची नात चौतिशीची झाली, तशी म्हातारी दर मंगळवारी संग्रहालयात येऊन पहारेकऱ्याशी हुज्जत घालू लागली. "संत माझा, काच तुमची. काच काढा आणि त्याला उलटा करा!" चौथ्या मंगळवारी तेंचानं स्वतः काच उघडली. दोन दिवस संत डोक्यावर उभा होता. नोंदवहीत तिनं लिहिलं, "मूर्तीच्या तळाची तपासणी." वसंतात लग्नाची पत्रिका आली, ती तिच्या नव्हे, संताच्या नावानं.

अशी ही बाई. चौतीस वर्षांत तिनं साडेचार हजार वस्तू घराघरांतून आणून जपल्या. फक्त एक गोष्ट तिला कधी मागता आली नाही, आणि तीच तिला सगळ्यात जास्त हवी होती.

ती होती आंपारो किरोगाच्या गिरणीची भिंत.

गिरणी मक्याची. चुनखडीच्या पाण्यात शिजवलेला मका दळून बायका तिथून ओलं पीठ नेत, टॉर्टियाच्या पोळ्यांसाठी रोज, आणि नाताळ जवळ आला की पानात उकडायच्या तमालेसाठी घमेली भरभरून. गिरणीच्या रस्त्याकडच्या भिंतीवर ग्वादालुपेची सावळी माता, म्हणजे मेक्सिकोची मेरी, दोन माणसं उंच, निळ्या-हिरव्या शालीत ताऱ्यांसकट उभी. ती १९६१ साली काढली तेंचाच्या वडिलांनी. सेवेरो लोंगोरिया हे पाट्या रंगवणारे. टायरवाले, खाटीक, बेकऱ्या, वस्तीतली निम्मी नावं त्यांच्या हातची, आणि स्वतःचं नाव कुठंच नाही. "पाटी दुकानदाराची असते," ते म्हणायचे. "मी कोण सही करणारा?"

त्या मातेचा चेहरा मात्र त्यांनी कुठल्या कॅलेंडरवरून घेतला नव्हता. तो होविताचा होता. होविता म्हणजे तेंचाची आई, सत्ताविसाव्या वर्षी रक्तात विष पसरून गेली. तेंचा तेव्हा चार वर्षांची. आईचा एकुलता एक फोटो, लग्नातला, आजीनं रडण्याच्या भरात शवपेटीत तिच्या हातात ठेवला आणि झाकण बंद झालं. घरात आईचं चित्र म्हणून काही उरलं नाही. तेंचाला आठवत होता फक्त ओल्या मक्याचा वास असलेला एक पदर आणि मानेवरचा घाम. चेहरा बघायचा तर गिरणीवर जायचं. शाळेतून येताना ती वाकडी वाट करून जायची, भिंतीला पाठ लावून बसायची आणि मान उंच करून वर बघायची. पोरं चिडवायची, "तेंचाची आई भिंतीला चिकटली!" ती दगड मारायची. नेम चांगला होता.

वडिलांनी तिला ब्रशला हात लावू दिला नाही. "शिडीवर चढायचं नाही. खुर्चीवर बसायचं," एवढंच त्यांचं म्हणणं. ती ऑस्टिनला शिकली, खुर्चीवर बसली आणि त्या खुर्चीनंच तिचा घात केला. १९८६ च्या मार्चमध्ये ती मेक्सिकोहून उसन्या आणलेल्या चित्रांचं खोकं घेऊन ट्रकमधून येत होती. या धंद्यात एक नियम आहे, खोक्यासाठी ज्यानं सही केली, त्यानं ते उघडेपर्यंत सोडायचं नाही. सरहद्दीवरच्या लारेडोच्या नाक्यावर निरोप मिळाला, वडिलांना दवाखान्यात हलवलंय. कागदपत्रांसाठी ट्रक दीड दिवस अडकला. बसनं घर अडीच तासांवर होतं. तेंचा खोक्यावर बसून राहिली. ती पोचली तेव्हा सेवेरोंना जाऊन चार तास झाले होते. त्या खोक्यात काय होतं हे पुढं कुणी विचारलं, तर ती विषय बदलायची. बापापेक्षा खोकं मोठं मानलं, ही सल तिला आयुष्यभर पुरली.

त्यानंतर ती भिंत तिची दुहेरी झाली. चेहरा आईचा, हात वडिलांचा, दोघं एकाच ठिकाणी. मन भरून आलं की ती गिरणीवर जायची. दर अकरा डिसेंबरला, मातेच्या सणाच्या आदल्या दिवशी, वस्तीतले लोक भिंत नव्यानं रंगवत. तेंचा धास्तावून चौकशी करायची. पण आंपारो म्हणायची, "तोंडाला आम्ही हात लावत नाही, मिहा. फक्त शाल आणि तारे." मिहा म्हणजे माझी लेक. आंपारो होविताची मैत्रीण, दोघी एकत्र पीठ मळत, म्हणून तेंचा तिला तिया म्हणजे मावशी म्हणायची. मावशीच्या शब्दावर ती विसंबली. दुसऱ्या कुणाची भिंत असती तर तिला पाच मिनिटांत खरं कळलं असतं. पण इथं तिनं क्युरेटरच्या डोळ्यांनी कधी बघितलंच नाही. तीन हजार भिंतींचे फोटो तिच्या कपाटात होते, या एका भिंतीचा एकही नव्हता. फोटो काढला तर त्याला नंबर द्यावा लागेल, आणि आईला नंबर द्यायला तिचा हात धजेना.

भिंत संग्रहालयात आणावी, असं तिला शंभरदा वाटलं. पण घरच्या माणसाची वस्तू क्युरेटरनं स्वतः सुचवायची नाही, हा दुसरा नियम. चौतीस वर्षं तिनं तोंड मिटून ठेवलं. मग २०१८ च्या शरद ऋतूत दोन गोष्टी एकदम झाल्या. तेंचाची निवृत्ती ठरली. आणि आंपारोच्या पुतण्यांनी गिरणीची जागा विकली. सहा जानेवारीचा तीन राजांचा सण होऊ द्या, मग पाडा, एवढीच अट अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आंपारोनं घातली. म्हणजे सात जानेवारीला भिंत जाणार.

तेंचा साहेबांच्या खोलीत गेली. आताचे साहेब प्रुइट, लांबुडके, शांत गृहस्थ.

"एक वस्तू सुचवायचीय," ती म्हणाली. "माझ्या वडिलांची आहे. मी मत देणार नाही, बैठकीत बसणार नाही. पण ती वाचायला हवी. आयुष्यात दुसरं काही मागितलं नाही मी इथं."

"दुसरा मजला मागितलात," प्रुइट हसून म्हणाले.

"तो संतांसाठी होता. हे माझ्यासाठी आहे."

प्रुइटना काय वाटलं कोण जाणे. त्यांनी दोन आठवड्यांत पैशाची सोय केली. एका अप्रसिद्ध पाटी-रंगाऱ्याची १९६१ सालची भिंत, लोखंडी चौकटीत धरून अख्खी कापून आणायची. फक्त समितीनं एकदा डोळ्यांनी बघायची. सहा डिसेंबर, गुरुवार, सकाळी दहा. रंगवायचा दिवस अकरा, म्हणजे तोवर भिंत जशीच्या तशी मिळेल, असा तेंचानं हिशोब केला आणि आंपारोला कळवलं.

"मोठी माणसं येणार आहेत, तिया. भिंतीसमोरची रिकामी पोती तेवढी हलवून ठेवा."

"किती मोठी?" आंपारोनं विचारलं.

"खूप मोठी," तेंचा म्हणाली. आणि इथंच घोटाळा झाला.

गुरुवारी सकाळी गिरणीसमोर तमालेच्या पिठासाठी बायकांची रांग लागली होती. प्रुइट, समितीतली तीन माणसं आणि जुनी चित्रं दुरुस्त करणारी प्रिसिला ओल्गिन, असे पाच जण गाडीतून उतरले. तेंचा पुढं होती. कोपऱ्यावर वळली आणि तिथंच थबकली.

भिंत लखलखत होती. शाल नवी, तारे नवे, किरणं सोन्यासारखी पिवळीधमक. पायाशी ताजे गुलाब. आंपारो सणासुदीचा काळा झगा घालून खुर्चीत बसलेली, आणि तिच्यामागं तिचा जावई नांदो, पन्नाशीचा, केसांना निळा रंग लागलेला. रांगेतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

"काय टवटवीत रंग आहेत!" प्रुइट म्हणाले. "साठ वर्षांचे वाटतच नाहीत."

प्रिसिलानं बोट टेकवलं आणि बघितलं. बोट निळं झालं होतं. "एक दिवसाचे आहेत," ती हळूच म्हणाली.

तेंचानं वर बघितलं. चेहऱ्यालाही हात लागला होता. गाल, ओठ, भुवया, सगळं नवं. आणि तो चेहरा ओळखीचा होता. रोज सकाळी केस बांधताना ती आरशात जो बघायची, तोच.

"तिया," तिचा आवाज चिरकला, "तोंडाला हात लावलात?"

"लावला म्हणजे काय! अख्खी नवी केलीय!" आंपारो खुशीत होती. "काल सकाळी सातला नांदो शिडीवर चढला तो दिवेलागणीला उतरला. मोठी माणसं येणार आणि आपली माता विटक्या शालीत उभी? लोक शेण घालतील ना तोंडात, गिरणीवालीला लाज नाही म्हणतील."

"तुम्ही मला सांगितलं होतंत, तोंडाला हात लावत नाही म्हणून! तीस वर्षं सांगत आलात!"

प्रिसिला शिडीवर चढून भिंत बघत होती. शालीच्या कडेला एक टवका उडाला होता, तिथं तिनं भिंगातून थर मोजले, पन्नासच्या वर भरले. मग तिनं चेहऱ्याजवळ, गळ्याखाली, सुईच्या टोकानं किंचित उकरलं.

"शालीखाली सगळे थर आहेत," ती खाली उतरून म्हणाली. "चेहऱ्याखाली काहीच नाही. एक थर, आणि खाली उघडा गिलावा."

"मग काय," नांदो म्हणाला. त्याला वाटलं कामाची तारीफ चाललीय. "तोंड नीट यायला हवं तर जुनं खरवडूनच काढायला लागतं, सिन्योरा. आम्ही दरवर्षी खरवडतो."

तेंचा त्याच्या अंगावर धावून गेली असती. पण आंपारोनं काठी आपटली.

"त्याच्यावर ओरडू नकोस. खरवडायचं तुझ्या बापानंच सुरू केलं."

"खोटं."

"इकडं ये. बस इथं." आंपारोनं शेजारचं पोतं थोपटलं. तेंचा बसली नाही, नुसती जवळ गेली. म्हातारीच्या डोळ्यांवर दुधासारखा पडदा चढलेला, तिला समोर कोण उभं आहे हे आवाजावरूनच कळत होतं. "पहिल्या वर्षी त्यानं होविता काढली. हुबेहूब. आम्ही बायका रडलो. पुढच्या वर्षी रंग उडाला म्हणून नवा द्यायला चढला, तर ती थोडी बदलली. तिसऱ्या वर्षी आणखी बदलली. एकदा पट्टीनं खरवडत होता, मी विचारलं, सेवेरो, कशाला पुसतोस रे? तर शिडीवरच रडायला लागला. म्हणाला, मी तिला विसरत चाललोय, आंपारो. तिचे डोळे कसे होते, सांग ना. मग आम्ही चौघी खाली उभ्या राहायला लागलो. मी, लुपिता, चोना आणि मोडक्या दातांची रेमेदिओस. चौघींनी तिच्याबरोबर पीठ मळलेलं. आम्ही खालून सांगायचो, ओठ जरा भरलेला, हनुवटी बारीक, नाही नाही, इतकी हसरी नव्हती ती. आणि तो काढायचा. तो गेल्यावर दुसरे काढायला लागले. पण खाली आम्हीच."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"काय सांगायचं होतं, मिहा? तुझ्या बापाला तुझ्या आईचं तोंड आठवत नाही, हे सांगायचं? तू यायचीस, वर बघायचीस, समाधानानं जायचीस. मी कोण ते मोडणारी?"

तेंचाला वडिलांचा राग आला नाही, दया आली, आणि त्याहून जास्त एकटं वाटलं. बापाचा हात त्या चेहऱ्यावरून कधीच पुसला गेला होता. ती बत्तीस वर्षं दुसऱ्याच कुणाच्या रंगाकडं बघून मन हलकं करत होती.

"मग हे कुणाचं तोंड आहे?" तिनं विचारलं, जरी तिला ठाऊक होतं.

"लुपिता गेली, चोना गेली, रेमेदिओस गेल्या वर्षी गेली," आंपारो म्हणाली. "मला दिसत नाही. आणि खरं सांगू, आठवतही नाही धड. नुसतं आठवतंय असं आठवतं. मग मी नांदोला म्हटलं, चर्चच्या पत्रकात तेंचाच्या निवृत्तीचा फोटो आलाय, तो समोर धर. लेक आईवर जाते."

पिठाची रांग पुढं सरकेना.

प्रुइट तेंचाला बाजूला घेऊन गेले. भला माणूस होता. "हे बघा," ते हलक्या आवाजात म्हणाले, "शालीत तुमच्या वडिलांचे थर आहेतच. पाटीवर लिहू, सेवेरो लोंगोरिया, १९६१, पुढं डागडुजी. समितीला तेवढं पुरेल. चौकट तयार आहे. चेहऱ्याचं कोण विचारणार आहे?"

तेंचानं भिंतीकडं बघितलं. हो म्हटलं की भिंत वाचणार होती, आणि वडिलांचं नाव पहिल्यांदाच कुठंतरी लागणार होतं. पण त्या नावाखाली लोक वर कुणाकडं बघणार? उभ्या आयुष्यात तिच्या वडिलांना एकच तोंड काढायचं होतं, आणि नेमकं तेच त्यांना साधलं नव्हतं. त्यांचं नाव त्याच्याखाली लावणं म्हणजे मेलेल्या बापाच्या तोंडी खोटं घालणं.

"मी विचारणार," ती म्हणाली. "खरं लिहायचं असेल तर लिहा, चार बायकांनी सांगितलं, वस्तीनं काढलं, शेवटचा हात नांदोचा, काल."

"त्यासाठी नवा प्रस्ताव लागेल," समितीतल्या एका बाईनं नाइलाजानं सांगितलं. "आणि पुढची बैठक मार्चमध्ये आहे."

"ठाऊक आहे मला. तो नियम मीच लिहिलाय."

गाडी निघून गेली. तेंचा आंपारोशी एक शब्द न बोलता घरी गेली, आणि सहा दिवस कुणाचा फोन तिनं घेतला नाही.

बारा डिसेंबरला पहाटे वस्ती मातेला गाणी म्हणून उठवते. तेंचा जाणार नव्हती. साडेपाचला तिनं स्वतःलाच शिव्या घातल्या आणि कोट चढवला. गिरणीसमोर दोनशे माणसं, गिटारी, भांडंभर गरम चॉकलेट, गोड पाव. भिंतीवरची, तिच्याच तोंडाची माता गुलाबांत बुडालेली. गाणी संपली, उजाडलं, माणसं कामावर गेली. मागं राहिली खुर्चीत आंपारो, पसारा आवरणारा नांदो आणि तेंचा.

"कोण आहे?" आंपारोनं विचारलं.

"मी."

"भांडायला आलीस की पाव खायला?"

"ठरलं नाही अजून."

"वाक जरा." तेंचा वाकली. आंपारोनं दोन्ही हात तिच्या चेहऱ्यावर ठेवले आणि बोटांनी सावकाश चाचपायला लागली. कपाळ, भुवया, डोळ्यांखालच्या पिशव्या, गालावरची घडी, हनुवटीखालची सैल कातडी.

"होविता सत्तावीसची गेली," मग ती म्हणाली. "आम्ही दरवर्षी तिला सत्तावीसचीच काढली. तीच ती पोर. आणि आम्ही खाली उभ्या राहून म्हाताऱ्या होत गेलो. मला कधी सुचलंच नाही बघ, ती असती तर तिलाही हे सगळं झालं असतं. गुडघे दुखले असते. माझ्याशी भांडली असती."

तेंचा सरळ उभी राहिली. तिनं भिंतीकडं बघितलं, यावेळी नीट, कामाच्या डोळ्यांनी. नांदोनं फोटो समोर धरला होता खरा, पण मातेला कसं म्हातारं करायचं, म्हणून सगळं तुळतुळीत केलं होतं. गाल भरलेले, मान ताठ, डोळ्यांखाली काही नाही. चौसष्ट वर्षांची बाई चाळिशीची दिसत होती.

"नांदो," ती म्हणाली, "सुरकुत्या कुठं गेल्या?"

"मातेला कुठं सुरकुत्या असतात, सिन्योरा?"

"हिला असतात. रंग उरलाय का?"

नांदोनं सासूकडं बघितलं. आंपारोनं मान हलवली. तो पुटपुटत डबा उघडायला गेला, आणि शिडी पुन्हा भिंतीला लागली.

तेंचा खाली उभी राहिली, चौघी जिथं उभ्या राहायच्या तिथं, आणि सांगायला लागली. डोळ्यांच्या कडेला तीन रेघा, बारीक. नाही, उन्हात बघून बघून पडतात तशा, खाली वळलेल्या. ओठाच्या टोकाला एक. गाल जरा उतरू दे. अजून. कानाजवळ केस पांढरे कर, एकदम नको. मान इतकी ताठ राहत नाही पीठ मळणाऱ्या बाईची. नांदो काढत होता, पुसत होता, वैतागत होता. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या चित्रांवर बोलताना तिनं पुरावा मागितला होता, आणि आज कशाचाही पुरावा नसताना एकेक रेघ ती इतक्या खात्रीनं सांगत होती की रस्त्यावरून जाणाऱ्या दोन बायका थांबून माना डोलवायला लागल्या.

ऊन गिरणीच्या छपरावर आलं, तेव्हा नांदो उतरला. शिडी बाजूला झाली. भिंतीवर एक म्हातारी उभी होती, सत्तरीपुढची, थकलेली, समोरच्याकडं बघणारी. सात जानेवारीला ती पडणार होती, त्यात काही बदल झाला नव्हता. अठ्ठाविसावं लागलं त्या दिवसापासून तेंचा आपल्या आईपेक्षा मोठी होती. छत्तीस वर्षं ती भिंतीवरच्या एका कोवळ्या पोरीकडं आईची माया मागत आली होती, आणि दर खेपेला आपणच तिला जवळ घ्यावं असं वाटून परतली होती.

"कशी दिसते गं आता?" आंपारोनं खुर्चीतून विचारलं.

तेंचानं पुन्हा एकदा मान उंच करून वर बघितलं.

"माझ्यापेक्षा मोठी दिसते, तिया," ती म्हणाली. "आई दिसते."